जवसाचे दोन थेंब

इतवारी कुंभरे या माणसाबद्दल सेवकरामजी रहांगडाले यांना फार थोडं ठाऊक होतं. तो सडक अर्जुनीकडच्या जंगलपट्टीतला होता, वय पन्नास-पंचावन्नचं असावं, आणि मुर्रीच्या फाट्यावर कडुलिंबाखाली पत्र्याची पेटी मांडून तो कुलपं दुरुस्त करायचा. एवढंच. त्याला मुलं किती, शेत आहे की नाही, कुलपांचं काम तो शिकला कुठे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. सव्वा वर्षात पाच-सहा वेळा बोलणं झालं असेल, तेही बहुतेक दाराचंच. पौषात तो गावी गेला आणि तिकडेच तापानं वारला, असं फाट्यावरच्या चहावाल्यानं सांगितलं. सेवकरामजी 'अरे अरे' म्हणाले, घरी आले आणि दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. आपण कोणत्या नात्यानं हळहळतोय, हेही त्यांना नीट सांगता आलं नसतं. जेवढं घडलं तेवढं मात्र सांगता येईल.

सेवकरामजींची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, इटियाडोह धरणाच्या कालव्यावर गेली. धानाला पाणी सोडायचं, वेळ झाली की अडवायचं. निवृत्तीनंतर गोंदियाच्या कडेला मुर्रीत तीन खोल्या बांधल्या आणि नवरा-बायको तिथे राहायला आले. मुलगा ओमेश्वर पुण्याला. बायको गोमतीबाई अंगणवाडीत सेविका होत्या. वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांची लेकरं सांभाळलेली ही बाई दोन वर्षांपासून विसरायला लागली होती. आधी भाजीतलं मीठ विसरली, मग नावं, मग घरच.

दुपार झाली की त्या उठायच्या, पदर सारखा करायच्या आणि माहेरच्या पोवारीत म्हणायच्या, "मोला घर जानको से." मला घरी जायचंय. सेवकरामजी म्हणायचे, "अगं, हेच घर." त्या त्यांच्याकडे असं बघायच्या, जसं एखाद्या आगाऊ परक्या माणसाकडे बघावं. माहेर बालाघाटच्या वाटेवर. तिथलं घर विकून वीस वर्षं झालेली. एकदा त्या रेल्वेच्या फाटकाजवळ सापडल्या, एकदा रस्त्याकडेच्या खड्ड्यात, गुडघा फुटलेला. त्यानंतर सेवकरामजींनी मागचं दार विटा लावून बुजवून टाकलं. पुढच्या दाराला ओमेश्वरनं दोन्हीकडून चावी लागणारं लॉक बसवून दिलं होतंच. औषधाला, भाजीला जायचं झालं की ते बाहेरून चावी फिरवायचे आणि चावी खिशात टाकायचे. शेजारी विचारायचे, "काकीजी कोठी हायेत?" ते सांगायचे, "झोपली आहे." मुलाला फोनवर सांगायचे, "लक्ष आहे माझं." दोन्ही गोष्टी तशा खोट्या नव्हत्या. पण त्या सांगताना ते समोरच्याच्या नजरेला नजर देत नसत.

त्या वर्षी दिवाळीत त्यांनी दाराला तेल पाजलं. त्यांचे वडील दर दिवाळीला बैलबंडीच्या चाकांना, वखराला आणि घराच्या दाराला जवसाचं तेल पाजायचे. फडक्यानं चोळायचे, दोन दिवस वास राहायचा आणि लाकूड वर्षभर फुगत नसे की तडकत नसे. सेवकरामजींनीही चोळलं. चोळता चोळता लॉक जरा घट्ट फिरतंय असं वाटलं, म्हणून चावीच्या भोकात दोन थेंब सोडले. दोन-तीन दिवस चावी लोण्यासारखी फिरली. मग पुन्हा अडली, तेव्हा आणखी दोन थेंब. असं तीन आठवडे चाललं. जितकं अडायचं तितकं तेल.

हलका धान कापून झाला होता त्या दिवसांतली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमारास ते गोळ्या आणि भाजीला भटे, म्हणजे वांगी, घेऊन परत आले. चावी आत गेली, पण फिरेना. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली, दोन्ही हातांनी जोर लावला. आतून पावलं वाजली, दाराशी येऊन थांबली.

"कोन होय?" गोमतीबाईंनी विचारलं.

"मी आहे."

"मी म्हंजे कोन?"

त्यांनी पुन्हा चावीला जोर लावला. समोरच्या घरात शिवणकाम करणारी नीतू मशीन थांबवून बाहेर आली. शेजारचा कैलाश आला, हातात ब्रश, तोंडात पेस्ट.

"काय झालं, काकाजी? दार नाही उघडून राह्यला?" कैलाशनं चूळ भरली. "धरनाचे दारं उघडले तुमी जिंदगीभर, अना घरचा दार अडला? हटा, मी मारतो एक लाथ."

"लाथ कायले मारतेस, भाऊ?" नीतू म्हणाली. "काकीजी दाराच्या मागं उभ्या हायेत. काकीजी, तुमी आतून उघडा न!"

मग गोमतीबाईंचा आवाज आला. मोठा, स्पष्ट, अंगणवाडीत लेकरांना दटावायच्या तसा.

"कशी उघडू? रोज कोंडून जाते तो मले. चावी घेऊन जाते. मी का चोरी केली त्याची?"

कैलाशनं ब्रश खिशात घातला. नीतू खाली बघायला लागली. सेवकरामजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दोन वर्षं सांभाळून ठेवलेली गोष्ट बायकोनं एका वाक्यात सगळ्या गल्लीला सांगून टाकली होती. चावी अजून त्यांच्या हातात होती. ती खिशात ठेवावी की हातात, हेही त्यांना कळेना.

"मी इतवारीले फोन लावते," नीतू हळूच म्हणाली.

इतवारी सायकलनं आला. काळा, बारीक, गळ्यात पंचा. सायकल भिंतीला टेकवली आणि लॉकला हात लावायच्या आधी त्यानं दारावर दोनदा टिचकी मारली.

"बाई, मी इतवारी. ताल्यावाला होय. तुमचा ताला बघतो, हो?"

"बघा," आतून उत्तर आलं.

मग त्यानं सेवकरामजींकडे हात पसरला. चावी घेतली, उन्हात धरली आणि नाकाशी नेली.

"जवस?"

सेवकरामजींनी मान हलवली.

"किती टाकलं?"

"दोन थेंब... म्हणजे दोन-दोन करून बरेच वेळा."

"जवस लाकडाचा तेल होय, बाबूजी. लाकडात जाते अना वाळते, मनून तर लाकूड टिकते. लोखंडात बी वाळतेच. ताल्यात जवस टाकला मंजे डिंक भरला." तो हसला नाही. "भाजीत बरा राहते."

कैलाश हसला. "काकाजीनं ताल्याले फोडनी देल्ली!"

इतवारीनं त्याच्याकडे पाहिलं. "तुमच्या गाडीत पेट्रोल हाये का, भाऊ? एक झाकनभर आना. अना ते सिगरेट-बिडी दूर ठेवा." मग पुन्हा दाराला तोंड लावून, "बाई, आत दिवा-उदबत्ती लागली हाये का?"

"दिवसा कोन दिवा लावते?" गोमतीबाई म्हणाल्या. "सांजेले लावत असतेत दिवा."

"हो, चुकलं माझं."

सुई नसलेली एक इंजेक्शनची नळी त्यानं पेटीतून काढली, पेट्रोल ओढलं आणि चावीच्या भोकात थोडं थोडं सोडलं. पिवळट, चिकट पाणी दारावरून ओघळलं. तो थांबला. पुन्हा सोडलं. पूर्वी या कामाला राकेल बरं पडायचं, म्हणाला, आता राशनवर राकेल कुठे मिळतं. मग चावी आत घालून तिच्या डोक्यावर लाकडाच्या तुकड्यानं टकटक करत बसला. इतकं हलकं, की जणू आत कुणी झोपलं होतं. फिरवली नाही. सेवकरामजी दोनदा पुढे झाले. "फिरवून बघू का?" दोन्ही वेळा तो म्हणाला, "तुटन." अर्धी चावी आत मोडली तर मग दारच कापावं लागतं, आणि आतला माणूस भितो.

पंधरा-वीस मिनिटं गेली. एवढा वेळ तो दाराशी बोलत होता. बाई, भाजी कशाची करता आज? बाई, तुमच्या गावात बोराचे झाडं हायेत का? गोमतीबाई उत्तरं देत होत्या. काही बरोबर, काही कुठल्या कुठे. पण त्यांचा आवाज खाली आला होता. सेवकरामजींच्या ध्यानात आलं, की गेल्या कित्येक महिन्यांत आपण बायकोशी इतकं बोललो नाही. गोळी घे, जेव, बस, उठ, हेच बोललो.

"आता बाई, तुमचं काम हाये," इतवारी म्हणाला. "दाराची मूठ दोन्ही हातांनी धरा अना आपल्याकडं वढा. जोरात. मी सांगेपर्यंत सोडू नोका. बाबूजी, तुमी इकडं या. चावी तुमी फिरवा."

"मी?"

"माझा हात घरच्या चावीले पयला लागत नाही. घरच्या मानसानंच फिरवा लागते. वढा, बाई!"

आतून दार ओढलं गेलं. चौकटीतला दाब किंचित सुटला. सेवकरामजींनी श्वास धरून चावी वळवली. आत काहीतरी कुरकुरलं, सरकलं. दार उघडलं तेव्हा गोमतीबाई मूठ धरूनच उभ्या होत्या, कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले.

"सोडू का आता?" त्यांनी इतवारीला विचारलं.

"सोडा."

ओसरीत फडकं पसरून त्यानं लॉक सगळं खोललं. पेट्रोलात बुडवून जुन्या ब्रशानं घासलं, उन्हात वाळवलं. मग म्हणाला, पेन्सिल पाहिजे. सेवकरामजी शोधायला उठले, पण त्यांच्या आधी गोमतीबाई आत गेल्या आणि कपाटातून अंगणवाडीतली लाल-काळ्या पट्ट्यांची पेन्सिल घेऊन आल्या, टोक केलेली. इतवारीनं ब्लेडनं शिसं खरवडलं, ती काळी भुकटी चावीला लावून आत-बाहेर केली. "हे टाका वर्षातून एकदा. तेल नाही."

लॉक पुन्हा बसवायच्या वेळी तो थांबला. पेटीतून लॉकचा एक जुना नळा, चावी फिरते तो भाग, काढून दाखवला. त्याला बाहेरून चावी होती आणि आतून हातानं फिरवायचं बटण.

"हा टाकू, का होता तसा?"

सेवकरामजींना प्रश्न कळला. नीतू अजून तिच्या दारात उभी होती. गोमतीबाई पायरीवर बसून पेन्सिल न्याहाळत होत्या. सेवकरामजींना रेल्वेचं फाटक आठवलं, तो फुटलेला गुडघा आठवला.

"होता तसाच बसवा," ते म्हणाले.

इतवारीनं होतं तसं बसवलं, स्क्रू आवळले, दार दोनदा लावून-उघडून पाहिलं. आणि मग, पहिल्यांदा चावी फिरवायला म्हणून, ती त्यानं गोमतीबाईंच्या हातात दिली. त्यांनी फिरवली. एकदा, दोनदा, पाचदा. मग चावी पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ मारली.

"अगं, दे ती इकडे," सेवकरामजी म्हणाले.

"नाही देत."

"राहू द्या, बाबूजी. तुमाले दुसरी बनवून देतो." आणि त्यानं बनवून दिलीही.

चावी पदरात आहे हे ती दोन दिवसांत विसरेल, असा सेवकरामजींनी हिशेब केला. तो बरोबरही निघाला. गोमतीबाई लुगडं बदललं की चावीची गाठ नव्या पदराला मारायच्या, पण ती चावी कशाची हे त्यांना आठवत नसे. सेवकरामजी पुन्हा बाहेरून लॉक लावून जायला लागले. फरक एवढाच की आता शेजाऱ्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असून कुणी काही बोलत नव्हतं. ते जास्त लागायचं.

फाल्गुनात एक दिवस ते बँकेतून परतले तर दार सताड उघडं. चावी आतल्या बाजूनं भोकात लटकलेली. पेट्रोलनं धुतलेलं, शिसं पाजलेलं लॉक आता एखाद्या लेकराच्या हातानंही फिरलं असतं.

ते धावले. या वयात ते धावले म्हणजे किती धावले असतील. रेल्वे फाटकापर्यंत गेले, नाल्यापर्यंत गेले. कैलाशनं गाडी काढली आणि बालाघाट रोडकडे गेला. नीतू गल्लीत घरोघर विचारत फिरली. तासाभरानं सेवकरामजी फाट्यावर आले, तर कडुलिंबाखाली पेटी बंद, इतवारीची जागा रिकामी. ते तिथेच पारावर बसले. ओमेश्वरला फोन करावा म्हणून त्यांनी मोबाईल काढला आणि काय सांगायचं ते न सुचून परत ठेवला.

तेवढ्यात रस्त्याच्या त्या कडेनं दोघं येताना दिसली. पुढे गोमतीबाई, मंद चालत. चार हात मागे सायकल हातात धरून इतवारी. बाईच्या हातात पळसाची फुलं.

एवढ्या काळजीनंतर माणसाला आनंद व्हायला हवा. सेवकरामजींना संताप आला. आयुष्यात ते कुणावर ओरडले नव्हते. त्या दिवशी भर फाट्यावर ओरडले.

"तुम्हीच दिली तिला चावी! मी नको म्हणत होतो! तिला काही झालं असतं म्हणजे?"

इतवारीनं सायकल उभी केली. "हो, देल्ली. घर तिचा बी हाये न, बाबूजी."

"आणि दिसली तेव्हा लगेच घरी का नाही आणलंत?"

"ते म्हने, घरी जाचा हाये. मी म्हनलं, चला. मंग गेलो. दीड कोस गेलो असू. तिथं ते बसली, पानी पेली. मंग मले म्हने, भाऊ, आता घरी चला. मनून आनलं." त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. "आडवा गेलो असतो त परतली असती का? तुमी जाता न आडवे."

सेवकरामजींची नजर गोमतीबाईंच्या धुळीनं भरलेल्या पायांवर गेली.

"माझी माय अशीच होती, आखरीले," इतवारी म्हणाला. "आमच्या पाड्यात कोनाच्याच घराले ताला नाही. कुडाचा फाटक, तो बी कुत्रा येऊ नये मनून. माय निघे. जो रिकामा राहे तो मागं जाये. थकली का सोताच परते."

"तुमचा पाडा आहे. मी एकटा माणूस. मागं-मागं मी किती फिरू?"

"मंग आज मी का बरात घेऊन गेल्तो?"

चहावाला हसला. सेवकरामजींना हसू आलं नाही, पण राग होता तो कुठे गेला कळलं नाही. गोमतीबाईंनी पळसाची फुलं त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, "तुमी कवा आले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः फाट्यावर गेले. इतवारी कुणाच्या तरी पेटीचं कुलूप उघडत बसला होता. सेवकरामजी म्हणाले, "ते आतून बटण असलेलं... अजून आहे का तुमच्याकडे?"

"हाये," तो म्हणाला. वर पाहिलंही नाही. "संध्याकाळी येतो."

आला, बसवून गेला. दार नुसतं हललं तरी ऐकू यावं म्हणून सेवकरामजींनी घरातली बैलाच्या गळ्यातली जुनी घंटी मुठीला बांधली. ती त्यांची स्वतःची अक्कल. इतवारीनं ती हलवून पाहिली आणि "जमलं" म्हणाला. तेवढ्यानं त्यांना नोकरीत कधी वाटला नव्हता इतका मोठेपणा वाटला.

त्यानंतरचं सांगायला फारसं नाही. घंटी वाजली की सेवकरामजी चपला घालायचे. गोमतीबाई पुढे, ते चार हात मागे. पहिले काही दिवस त्यांना गल्लीची लाज वाटायची. मग नीतू दारातून ओरडायला लागली, "काकीजी, काकाजीले सोडून नोका जाऊ, हो!" आणि लाज गेली. कधी नाल्यापर्यंत, कधी शाळेपर्यंत. ऊन असेल तर लवकर, थंडी असेल तर उशिरा. थकल्या की गोमतीबाई एखाद्या पारावर बसायच्या, इकडेतिकडे बघायच्या, आणि म्हणायच्या, "चला आता घरी." रोज म्हणायच्याच असं नाही. दोनदा रिक्षा करून आणावं लागलं, आणि एकदा त्या रस्त्यातच बसून रडल्या. आजार काही गेला नाही, तो जाणारही नाही. पण चावी खिशात घालून औषधाच्या दुकानात उभं राहताना छातीत जे व्हायचं, ते सेवकरामजींना पुन्हा झालं नाही. औषधाला आता नीतू जाते, नाहीतर दोघं मिळून जातात.

फाट्यावरून जाताना इतवारी दिसायचा. कधी हात वर करायचा, कधी कामात असायचा तर नुसती मान. थांबून बोलावं, चहा पाजावा, तुमच्या आईचं नाव काय होतं ते विचारावं, असं सेवकरामजींच्या मनात बरेचदा यायचं. पण ते मुळात भिडस्त. आणि गोमतीबाई पुढे निघून जायच्या, त्यामुळे थांबता यायचं नाही. उद्या विचारू, असं राहून राहून गेलं.

शेवटची भेट पौषातली. सकाळचे दहा वाजले असतील. इतवारी पेटी सायकलला बांधत होता.

"आज लवकर बांधली?" सेवकरामजींनी विचारलं.

"गावाले जातो. धान चुरायचा हाये, मळनी राह्यली." त्यानं दोरीला गाठ मारली आणि गोमतीबाईंकडे पाहिलं. "बाई, कोठी निघाल्या?"

"घरी," गोमतीबाई म्हणाल्या आणि चालत राहिल्या.

"कधी येता परत?" सेवकरामजींनी विचारलं.

"आठ-पंधरा दिवसांत येतो. तुमी जा, बाबूजी, ते पुढं गेली."

"हो, हो. या मग."

"येतो."